पावणेदोन इंच

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचं येत्या हंगामात काय होणार, हे मैदानावर ठरत नाही. ते ठरतं क्रीडा विभागाच्या स्टोअरमध्ये, दाराच्या चौकटीवर. चौकटीच्या आतल्या बाजूला खालपासून वरपर्यंत फूट-इंचांच्या खुणा आहेत आणि पाच फूट नऊ इंचांवर एक जाड लाल रेघ. अठरा वर्षांपूर्वी मॅडम प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या, त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः टेप लावून, स्वतः ब्रश धरून ती ओढली. तेव्हापासूनचा नियम असा : नव्यानं आलेली जी मुलगी चौकटीला पाठ लावून उभी राहील आणि जिचं डोकं लाल रेघेच्या वर जाईल, ती चाचणीशिवाय थेट संघात. बाकीच्यांनी धावायचं, घाम गाळायचा आणि वाट बघायची.

"बाकी सगळं मी शिकवीन," मॅडम म्हणतात. "पास शिकवीन, पळायला शिकवीन, हरल्यावर रडायचं कुठे आणि कुठे नाही तेही शिकवीन. उंची कुठून आणू?"

मॅडमची स्वतःची उंची पाच फूट एक इंच. हे मी आपलं सहज सांगतो.

मी कॉलेजचा स्टोअरकीपर. दिवसा रसायनाच्या लॅबमध्ये फुटलेल्या नळ्या-बाटल्या रजिस्टरला लिहितो आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या टेबलावर बसून संघाचा स्कोअर लिहितो. दोन्ही कामांत मला कधी फारसा फरक जाणवला नाही. कुणाच्या हातून काय निसटलं ते लिहायचं, एवढंच. गेली पाच वर्षं आमचा संघ पहिल्याच फेरीत निसटतो.

या संघात माझी भाची आहे. म्हणजे आहे आणि नाही. बहिणीनं तिला शिकायला आमच्याकडे ठेवलंय. दोन वर्षं ती राखीव बाकावर बसून टाळ्या वाजवतेय. उंची पाच फूट चार इंच, ती कुणाच्या हातात नसते. पण हात असा, की लांबून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये पडताना जाळीसुद्धा 'हूं' करत नाही. दोन वर्षांत, मैत्रीचे सामने धरून, तिला खेळायला मिळाली एक्केचाळीस मिनिटं. तेवढ्यात तिनं सतरा वेळा चेंडू फेकला, अकरा वेळा आत पडला. संघात दुसरं कुणी या प्रमाणाच्या जवळपास फिरकत नाही. हे रजिस्टर सांगतं, मी नाही. मी मामा आहे, माझी साक्ष धरू नये.

म्हणूनच तिनं पहिल्या दिवशीच नियम करून टाकला होता. कॉलेजच्या फाटकाच्या आत मी 'काका' आणि 'तुम्ही', जसा सगळ्या मुलींचा. फाटकाबाहेर 'मामा' आणि 'तू'. दोन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. मीच दोनदा चुकलो.

हे तिचं शेवटचं वर्ष. जुन्या मुलींपैकी दोघी शिकून बाहेर पडल्या होत्या, बाराव्या म्हणजे भाचीच्या राखीव जागेसाठी दरवर्षी नव्यानं निवड होते, म्हणजे बारांत तीन जागा रिकाम्या होत्या आणि या वेळी आपण बाकावरून उठणार, हे तिनं गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं. हिशेबाच्या माणसानं काही गृहीत धरू नये.

हंगामाच्या पहिल्या सोमवारी नव्या मुलींची मोजणी झाली. सुट्टीत स्टोअरला नवी फरशी बसली होती. खोली अशी लख्ख की मॅडमनी आत येताना चपला काढल्या आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन परत घातल्या. मी रजिस्टर उघडून बसलो. पहिल्या सहा-सात मुली नेहमीसारख्या. पाच-तीन, पाच-पाच, एक तर चार-अकरा, ती म्हणाली, "मी फक्त मैत्रिणीसोबत आलेय."

मग एक आली, दारातून वाकून. सवयीनं वाकली, गरज नव्हती. चौकटीला पाठ लावली तर डोकं लाल रेघेच्या वर, तेही अडीच इंच. पाच फूट साडेअकरा! मॅडमनी खडूची खूण केली आणि दोन पावलं मागे सरून नुसत्या बघत राहिल्या. त्या चौकटीवर सगळ्यात वरची खूण होती 'शिडी'ची, बारा वर्षांपूर्वीच्या एका खेळाडूची, पाच-अकरा. या मुलीनं शिडीला अर्ध्या इंचानं मागे टाकलं होतं.

"आधी कुठे होतीस गं तू?" मॅडमनी विचारलं.

"शाळेत," ती म्हणाली.

तिचं नाव त्याच क्षणी 'मनोरा' पडलं. तिच्या मागची पाच-दहा भरली, तिला मुलींनी 'खांब' म्हटलं. आणि शेवटची पाच-साडेनऊ, सरळसोट, ती 'दांडी'. तीन-तीन वर्षांत एखादी मुलगी लाल रेघ ओलांडते, आणि इथे अर्ध्या तासात तीन. तीन रिकाम्या जागा, तीन लांबलचक मुली. मॅडमचा चेहरा मी अठरा वर्षांत असा पाहिला नव्हता. त्यांनी मला सगळ्यांसमोर चहा पाजला.

"काका, लिहा," त्या म्हणाल्या. "या वर्षी उपांत्य फेरी. पेननं लिहा."

विद्यापीठाचं एक क्रीडापत्रक निघतं. त्यात हंगामाच्या आधी प्रत्येक कॉलेज आपल्या संघाबद्दल पानभर मजकूर देतं : कोण गेलं, कोण आलं, उंची किती, आशा किती. आमचं पान दरवर्षी मी लिहितो आणि मॅडम सही करतात. गेल्या वर्षी मी लिहिलं होतं, 'संघ मेहनती आहे.' ज्याला वाचता येतं त्याला कळतं. या वर्षी मी तिघींची उंची आकड्यांत आणि अक्षरांत लिहिली आणि खाली, 'कॉलेजच्या इतिहासातील सर्वांत उंच संघ.' मॅडमनी 'सर्वांत' खाली रेघ मारली.

त्या दिवशी भाची माझ्यासोबतच घरी निघाली. फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाली, "मामा, मी तेरावी."

"हं."

"बाकावर बसायलासुद्धा बारावी असावं लागतं."

मी तिची पिशवी घेतली. तिनं परत ओढून घेतली.

घरी तिची मामी, म्हणजे आमची गृहमंत्री, ऐकून उसळली. "कानामागून आली अन् तिखट झाली, त्यातलं हे. दोन वर्षं पोरीनं टाळ्या वाजवल्या, त्या काय मोजल्या नाहीत तुझ्या रजिस्टरात?"

"टाळ्यांचा रकाना नसतो गं."

"मग काय असतं? नुसती लांबी? कापड घ्यायला बसलेत का?"

दुसऱ्या दिवशी भाचीनं कुठूनशी एक लोखंडी नळी आणली आणि मधल्या दाराच्या चौकटीत आडवी बसवली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की रोज सकाळ-संध्याकाळ लोंबकळलं की मणके मोकळे होतात आणि माणूस वाढतो. झालं. सकाळी उठावं तर दारात भाची लोंबकळतेय, संध्याकाळी यावं तर लोंबकळतेय. हातात पुस्तक धरता येत नाही म्हणून मामी समोर उभी राहून तिला धडा वाचून दाखवतेय. मी त्या नळीला दिवसाला दोनदा तरी डोकं आपटलं.

"विसाव्या वर्षी कुणी वाढतं का?" मी कपाळ चोळत विचारलं.

"तू बावन्नाव्या वर्षी वाढतोयस," मामी म्हणाली. "फक्त आडवा."

इकडे मैदानावर सराव चालू झाला. मनोरा गुणी पोर. सांगाल ते ऐकायची, चेंडूला 'सॉरी' म्हणायची. पण मला एक गोष्ट खटकली. ऑफिससमोरच्या व्हरांड्यात एक भिंतीवरचं घड्याळ आहे. बारा वर्षांपूर्वी शिडी त्याच्याखालून जाताना नुसतं बोट वर करायची आणि मोठा काटा दहा मिनिटं पुढे सरकवायची, म्हणजे सराव लवकर सुटे. हे मला माहीत होतं, कारण सुटणं मलाही हवं असायचं. ही गोष्ट मी नव्या मुलींना सांगितली, तेव्हा सगळ्यांनी मिळून मनोऱ्याला घड्याळाखाली उभं केलं. तिनं हात वर केला. टाचा उचलल्या. चांगलं दोन बोटं अंतर राहिलं.

शिडीपेक्षा अर्धा इंच उंच मुलगी शिडीपेक्षा कमी पोचते? हात आखूड असतील म्हणून मी सोडून दिलं. पण ताळा न जुळलेली बेरीज दातात अडकल्यासारखी असते, जीभ सारखी तिकडेच जाते.

पंधराव्या दिवशी दुपारी मी लॅबच्या स्टोअरमध्ये बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होतो. दार धाडकन उघडलं.

"मामा!"

फाटकाच्या आत. मी चष्म्यावरून पाहिलं.

"काका," तिनं सुधारलं. मग हात झटकला. "जाऊ दे, मामाच! मी वाढले!"

"कशात?"

"उंचीत! पावणेदोन इंच! आत्ता चौकटीला मोजलं. मनोऱ्यानं मोजलं, खांबानं परत मोजलं, बूट काढून. पाच-पावणेसहा! पंधरा दिवसांत! मामा, अजून महिनाभर लोंबकळले तर..." आणि ती बोटांवर हिशेब करायला लागली. महिन्याला साडेतीन या दरानं पुढच्या परीक्षेपर्यंत ती छताला लागणार होती. "सगळ्या मुली नळ्या आणायला निघाल्यात."

मला हसू यायला हवं होतं. पण घड्याळ, शिडी आणि ही, तिन्ही आकडे डोक्यात शेजारी-शेजारी येऊन बसले आणि बेरीज जुळली. ती जुळली तशी मी डिंकाची बाटली खिशात घालून उठलो.

सुट्टीत फरशी बसवायला गवंडी आला होता. म्हणाला, "साहेब, जुनी उकरायची तर चार दिवस धूळ उडेल, सगळं सामान बाहेर काढावं लागेल. वरूनच घालू?" मला सामान बाहेर काढायचा कंटाळा. म्हटलं, "घाल वरूनच." काम दोन दिवसांत झालं, मी सही केली. मग स्टोअरचं दार लागेना, खाली घासायला लागलं. सुतारानं येऊन दार खालून कापलं, त्याचीही सही मीच केली. दार कापताना चौकटीवरच्या खुणांचं काय होणार, हे कुणाला सुचलं नाही. मला नाही, जो काचेवरचा केसाएवढा चरा दहा हातांवरून ओळखतो.

"चल," मी भाचीला म्हणालो.

क्रीडा स्टोअरमध्ये गाद्यांच्या मागे ती पट्टी होती. दाराची कापलेली पट्टी. मी काही टाकत नाही. रजिस्टरला नोंदसुद्धा होती, 'लाकडी पट्टी, नग एक'. मी ती काढली, फुटपट्टी लावली आणि तिच्या हातात दिली.

"ही घे तुझी वाढ."

तिनं पट्टीकडे पाहिलं. फरशीकडे पाहिलं. कापलेल्या दाराच्या खालच्या कडेकडे पाहिलं. हुशार पोर आहे, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. खाली बसली गादीवर. मला वाटलं, रडणार.

"म्हणजे मी उगाच लोंबकळले?"

"मणके मोकळे झाले असतील."

"मामी मला अर्थशास्त्राचे चार धडे वाचून दाखवत होती रे."

"ते उगाच नाही गेलं."

मग तिची मान एकदम वर आली. "थांब. मी वाढले नाही, तर त्यासुद्धा तेवढ्या नाहीत."

"नाहीत. मनोरा पाच-पावणेदहा. ती रेघेच्या वरच. खांब सव्वाआठ. दांडी पावणेआठ."

"रेघेच्या खाली."

"खाली."

आता दोन जागा उघड्या पडल्या होत्या, हे दोघांनाही कळलं. आणि त्या पाठोपाठ दुसरी गोष्ट फक्त मला कळली : आता हे मॅडमना सांगायचं कुणी? फरशी माझी, सही माझी, भाचीही माझीच. उद्या सगळं कॉलेज म्हणेल, भाचीला आत घ्यायला मामानं जमीन उकरली.

"नको सांगूस," भाची म्हणाली. तिलाही ते दिसलं होतं. "तुझ्यावर येईल."

"आणि तू?"

"मी टाळ्या चांगल्या वाजवते."

हे ती हसत म्हणाली, आणि म्हणूनच मी पट्टी उचलली आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेलो.

मॅडम प्राचार्यांसाठी वेळापत्रक करत होत्या. उपांत्य फेरीच्या दिवशी कॉलेजला अर्धा दिवस सुट्टी मिळावी म्हणून. मी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पट्टी उचलली, डोळ्यांसमोर धरली.

"म्हणजे माझी उपांत्य फेरी ही."

"हो मॅडम."

"एवढीशी."

"पावणेदोन इंच."

"काका, तुमची भाची तेरावी आहे, हे माझ्या लक्षात आहे बरं."

"म्हणून तर मी येणार नव्हतो."

"मग का आलात?"

"खाई त्याला खवखवे, मॅडम. फरशी माझी आहे. तुम्ही कुणालाही घ्या, फक्त खऱ्या जमिनीवर मोजून घ्या."

त्या उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या लॅबमध्ये एखादी गोष्ट आपोआप मोठी झाली तर तुम्ही चौकशी करता. माझ्याकडे तीन मुली तशा झाल्या, तर चहा प्यायलात."

संध्याकाळी मैदानावर, बास्केटच्या खांबाला टेप बांधून, मॅडमनी सगळ्या संघाला पुन्हा मोजलं. हिशेब इंचाला इंच जुळला. मग मनोऱ्याला बाजूला बसवलं आणि उरलेल्या दोन जागांसाठी तिघींची चाचणी लावली : धाव, पास आणि मैदानावरच्या पाच ठिकाणांहून मिळून पन्नास वेळा चेंडू टाकायचा. स्कोअर लिहायला मॅडमनी मला बसू दिलं नाही. रजिस्टर मनोऱ्याकडे दिलं. मी कुंपणाला टेकून उभा राहिलो, अठरा वर्षांत पहिल्यांदा हात रिकामे. हातांचं काय करायचं ते कळेना. शेवटी खिशात घातले, तर तिथे चिठ्ठ्यांचा डिंक सांडलेला.

खांबाचे पन्नासात एकवीस पडले, पण उसळून परत येणारा प्रत्येक चेंडू तिनं झेलला. दांडीचे बारा. भाची पहिले सहा चुकली. सलग सहा. मी डोळे मिटले. मनोऱ्याचा आवाज ऐकू येत राहिला, "नाही... नाही... हो. हो. हो. नाही. हो..." आणि मग बराच वेळ नुसतंच "हो."

पन्नासात चौतीस.

दांडी सगळ्यात आधी पळत येऊन तिच्या गळ्यात पडली. "बरं झालं! मला नाटकात जायचं होतं. पण घरी, दारी, जो भेटेल तो म्हणायचा, एवढी लांब आहेस तर बास्केटबॉल खेळ. जसं काही उंच माणसाला बोलता येत नाही!"

मॅडमनी स्टोअरमध्ये जाऊन ब्रश घेतला, ती लाकडी पट्टी जुन्या लाल रेघेवर आडवी धरली आणि तिच्या वरच्या कडेला नवी रेघ ओढली. मग भाचीला म्हणाल्या, "बारावी. पण बाकावर नाही. उंची गेली, आता आपल्याला पळावं लागणार आहे."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण क्रीडापत्रक चार दिवसांपूर्वीच छापून निघालं होतं.

बुधवारी सकाळी टेकडीपलीकडच्या कॉलेजच्या स्कोअररचा मला फोन आला. आमचा पहिला सामना त्यांच्याशी. हा माझा जुना दोस्त, वर्षातून एकदा फोन करतो आणि तासभर ठेवत नाही.

"काय रे, तुमच्या त्या तीन मनोऱ्यांनी आमच्या सरांची झोप उडवलीय! पान फाडून भिंतीवर लावलंय. सगळा संघ बदलला. दोन उंच पोरी धरून आणल्या, त्यातली एक आजवर फक्त गोळाफेक करत होती. चेंडूही तसाच फेकते. बास्केटखालचे सोडून सगळे पळतात."

"मग बाहेर कोण गेलं?"

"भिंगरी. पाच-दोन ना ती. सर म्हणाले, या उंचीपुढे हिचं काय चालणार? तिचंही शेवटचं वर्ष होतं, बिचारी. शुक्रवारी दुपारी विद्यापीठाकडे नावं गेली की संपलं."

भिंगरी आम्हाला चांगली ठाऊक. गेल्या वर्षीच्या सामन्यात आमच्या भाचीला जी चार मिनिटं मिळाली, तेवढ्यात या भिंगरीनं तिच्या हातून तीनदा चेंडू काढून नेला होता. रजिस्टरला आहे. भाची त्यानंतर दोन दिवस जेवताना ताट घट्ट धरून बसायची.

मी मॅडमना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग आणखी हसल्या. "न खेळता अर्धा सामना जिंकला! काका, तुमच्या फरशीनं शेवटी काम केलं म्हणायचं."

"दुरुस्ती पाठवू का?"

"पाठवू ना. शुक्रवारी संध्याकाळी." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "आपण खोटं नव्हतं लिहिलं. चुकलं होतं."

भाची दारात उभी होती, चेंडू काखेत. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मॅडम, चुकलं होतं तेव्हा चुकलं होतं," ती म्हणाली. "आता माहीत आहे."

"अगं, तिच्यासमोर तुलाच उभं राहायचंय. मागच्या वर्षी काय झालं आठवतंय ना?"

"तीनदा," भाची म्हणाली. "मॅडम, मी पंधरा दिवस तेरावी होते. फरशीमुळे. तिच्याकडे तर फरशीही नाही, नुसता आपला कागद आहे. आजच पाठवा ना."

मॅडम खुर्चीतून उठल्या. पाच-एक आणि पाच-चार, मध्ये टेबल. मॅडमनी टेबलाच्या खणातून पेन काढलं आणि माझ्यासमोर आपटलं.

"लिहा, काका. आणि 'सर्वांत उंच' काढा ते."

मी तिथेच बसून लिहिलं : 'मोजमापातील चुकीमुळे आमच्या संघाच्या तीन खेळाडूंची उंची प्रत्यक्षाहून पावणेदोन इंच अधिक छापली गेली आहे. तिघींपैकी एक आता संघात नाही. चूक स्टोअरकीपरची आहे. आगामी हंगामात संघ पळेल, असा अंदाज आहे.' मॅडमनी सही केली. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली नाही, पण खोडलंही नाही. कागद विद्यापीठात मी स्वतः नेऊन दिला आणि एक प्रत टेकडीपलीकडे.

शुक्रवारी दुपारी नावं लागली. दोस्ताचा फोन आला. या वेळी दोनच मिनिटं बोलला. "गोळाफेकवाली परत गोळ्याकडे गेली. भिंगरी आत. आणि ऐक, तिनं निरोप दिलाय तुमच्या पोरीला."

"काय?"

"म्हणाली, या वेळी चारदा."

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा भाची मधल्या दारातली नळी काढत होती. मी सवयीनं मान खाली घालून आत शिरलो.

"काढतेस?" मामीनं विचारलं. "मला अजून दोन धडे राहिलेत. भांडवलाचं पुढे काय झालं ते कळायला नको?"

"उंची झाली तेवढी पुरे. मामा, भिंगरीचं काय झालं?"

मी निरोपासकट सांगितलं. तिनं ओठ चावले. मग कोपऱ्यातला चेंडू उचलला आणि माझ्या पोटावर टाकला.

"तू भिंगरी हो."

"मी? या वयात?"

"पाच मिनिटं. बाहेरच्या खोलीतून माझ्या हातून चेंडू काढून स्वयंपाकघरात न्यायचा. मामी, टेबल सरकव."

मामीनं टेबल सरकवलं, माझी चप्पल पायानं बाजूला ढकलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली. पहिल्यांदा मी हात घातला तर हवाच हाती आली. दुसऱ्यांदा भाची डावीकडे वळली, मी उजवीकडे गेलो आणि कपाटाला भेटून आलो. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "दूध उतू गेलं!" तिची नजर हलली, आणि मी चेंडू घेऊन, धापा टाकत, मामीच्या खुर्चीला वळसा घालून आत शिरलो.

"हे चालत नाही!" भाची ओरडली.

"भिंगरी काय विचारून घेणार आहे तुला?"

तिनं कमरेवर हात ठेवले, एक क्षण विचार केला, आणि चेंडू माझ्याकडून परत घेतला. "बरोबर आहे. परत."

मामीनं खुर्चीवरून न उठता अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

"दोन-एक," ती म्हणाली. "चला."